आमच्या बेटाचा रस्ता पाण्यातून जातो

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : घारापुरी बेटावरच्या अपंग रहिवाशांना कुणी न उचलता बोटीत चढता-उतरता यावे, याबाबत.



मागणी आधीच सांगते. घारापुरीच्या आणि मुंबईच्या, दोन्ही काठांवर भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का असावा, आणि प्रवासी बोटीत व्हीलचेअर ढकलत थेट आत नेता यावी. माझ्या पतींच्या मणक्याला अपघातात इजा झाली. कमरेच्या खाली ताकद नाही आणि जाणीवही नाही. मुंबईतली खोली सोडून आम्ही त्यांच्या मूळ गावी, घारापुरीला, कायमचे राहायला आलो आहोत. हे पत्र तक्रारीचं नाही. घारापुरी हे लोकांचं गाव आहे आणि त्या गावाला जाणारा रस्ता पाण्यातून जातो, एवढं धरून आपण आखणी करावी, यासाठी ते लिहिते आहे.

‘अशा माणसाला घेऊन बेटावर कशाला गेलात?’ हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारला, ओळखीच्यांनी विचारला. मुंबईत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण जिना उतरायला चार माणसं लागत. त्यामुळे अपघातानंतर ह्यांचं जग म्हणजे पलंग आणि गॅलरीचा कठडा एवढंच उरलं. गावात घर बैठं आहे. पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण. चुलत दिरांनी अंगणातून ओट्यावर सिमेंटचा उतार करून दिला. बेटावर मोटारी नाहीत, त्यामुळे सपाट वाटेवर खुर्ची घेऊन जायला भीती नाही. हे आता ओट्यावर बसून गावातल्यांची फाटलेली जाळी सांधतात. येणारा-जाणारा थांबतो, बोलतो, काम देतो, कामाचे पैसे देतो. शहरात त्यांना पेशंट म्हणत, इथे त्यांना दादा म्हणतात. आम्ही बेटावर आलो ते याच्यासाठी.

या परतण्यामागे सरकारचं एक काम आहे आणि त्याचे आभार मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घारापुरीच्या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले आणि मग अंधार. मणक्याची इजा झालेल्या माणसाच्या अंगाला एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी मरते, जखम होते, आणि ती भरायला महिनेच्या महिने लागतात. म्हणून माझे पती हवेच्या गादीवर झोपतात. त्या गादीतली हवा पंपाने आळीपाळीने भरते आणि सुटते. पंप रात्रभर चालू ठेवावा लागतो. काही तासांच्या विजेवर हा माणूस बेटावर जगू शकला नसता. केबल टाकणाऱ्यांच्या मनात तेव्हा अशी गादी नक्कीच नसेल. पण सार्वजनिक काम नीट झालं की ते कुणाकुणाला घरी आणतं, याचा हा दाखला आहे.

वीज आल्यामुळे ते घरी आले. आता त्यांना घराबाहेर पडता यायला हवं.

बोटीत चढणं म्हणजे आमच्यासाठी काय, ते सांगते. आधी खुर्चीवरची गादी काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, कारण ती भिजली तर पुढचा सगळा दिवस ओल्यावर बसणं आलं. मग एक खलाशी मागून बगलेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली धरतो. बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. ती वर येण्याची वाट पाहत तिघंही श्वास रोखून उभे राहतात. ‘दादा, मानेला घट्ट धरा. वहिनी, बाजूला व्हा.’ बोट वर आली की एका दमात पलीकडे. तेवढ्यात टाच दगडाला किंवा बोटीच्या कडेला घासली, तर ह्यांना कळत नाही, पायाला जाणीवच नाही. रात्री घरी मोजा काढला की रक्त दिसतं. मुंबईला गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लागलेल्या असल्या की एका बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं दोन-तीनदा व्हायचं.

खलाशांनी आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. चहापलीकडे कुणी काही घेतलं नाही. त्यांचे उपकार आहेत, आणि ते मी विसरणार नाही. पण उपकारावर चालणारी वाट ही वाट नव्हे. मुंबईला जायचं असलं की हे आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करतात, कारण वाटेत लघवीची सोय कुठे करायची? मणक्याच्या रुग्णाला डॉक्टर सगळ्यात आधी सांगतात ते हेच, की भरपूर पाणी प्या, नाहीतर मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणीला जायचं म्हणून घरून आजार घेऊन निघायचं, असा हा प्रकार होतो. आणि चाळिशीतला माणूस, ज्याचे हात पोलादासारखे आहेत, जो खुर्ची स्वतः चालवतो, तो एकटा कधीच कुठे जात नाही. बाजाराला नाही, मित्राकडे नाही, लग्नाला नाही. दोन माणसं मोकळी असतील तेव्हाच त्यांचं जाणं.

हे माणसांमुळे होत नाही, पाण्यामुळे होतं. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो कमी असतो. पक्का बांधलेला धक्का एकाच उंचीवर राहतो आणि बोट दिवसातून दोनदा वर येते, दोनदा खाली जाते. भरतीला बोट जवळजवळ धक्क्याच्या बरोबरीला असते, ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. दवाखान्याची वेळ घड्याळावर असते आणि आमची वेळ तिथीवर. दोन्ही जुळली तर ठीक, नाहीतर चाललंच ते उचलणं.

यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. पाण्यावर तरंगणारा धक्का बोटीबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे दोहोंच्या पातळीत फरक पडत नाही. किनाऱ्यापासून त्या धक्क्यापर्यंत बिजागरीवर बसवलेला पूल असतो. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोचे धक्के असे आहेत आणि व्हीलचेअर तिथे फलाटावरून आगगाडीत शिरावी तशी बोटीत शिरते. कुणी म्हणेल, कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटरचा, मुंबईची गोष्ट वेगळी. खरं आहे. व्हीलचेअरसाठी उतार १ : १२ पेक्षा जास्त तीव्र नसावा असं मानतात. चार मीटरच्या फरकाला त्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मीटर लांबीचा पूल लागेल, किंवा मध्ये वळण घेऊन दोन टप्प्यांत करावा लागेल. काम मोठं आहे, अशक्य नाही. याच बंदरात, याच भरती-ओहोटीत, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट मार्च २०२० पासून चालते आणि तिच्यात मोटारी चालत आत जातात. जिथे मोटार चढते तिथे व्हीलचेअर चढते. आमच्या बेटाच्या उत्तरेकडून २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ज्या राज्याने एवढा पूल समुद्रात उभा केला, त्याला पन्नास मीटरचा पूल जड जाऊ नये.

कायदाही आमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांचा नावानिशी उल्लेख आहे. धक्क्याचं, बंदराचं नाव त्या यादीत नाही. कायदा लिहिताना बेटावरचा माणूस डोळ्यांसमोर आला नसावा. पण त्याच कलमात पुढे वाहतुकीची सर्व साधनं सुगम्य असावीत असं म्हटलं आहे, आणि बोट हे वाहतुकीचं साधन आहे. आमच्याकडे तर ते एकमेव आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुगम्यतेचे नियम शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे. त्यांपैकी खाडीपलीकडे, बेटावर, होडीवर अवलंबून राहणारे किती, हे मोजण्याची वाट न पाहता धक्के सुधारता येतील. कारण त्या धक्क्याचा उपयोग एकट्या अपंगाला होत नाही. दिवस भरलेली बाई त्याच पायऱ्या उतरते. गुडघे गेलेली म्हातारी उतरते. डोक्यावर पाण्याचे कॅन आणि गॅसचं सिलिंडर घेऊन गडी उतरतात. लेणी पाहायला येणारे हजारो पर्यटक उतरतात.

सुरक्षिततेबद्दल लिहिणं भाग आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून आमच्या बेटाकडे येणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी बेटावर चूल पेटली नाही अशी घरं होती. ज्याला पाय हलवता येत नाहीत, त्याच्या घरच्यांनी ती बातमी कशी ऐकली असेल, याचा विचार करावा. बोटीत खुर्ची हलू नये म्हणून ती बांधावी लागते. पण माणूस खुर्चीला बांधलेला असता कामा नये, आणि खुर्चीची बांधणी एका झटक्यात सुटली पाहिजे. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला कोणतं जाकीट घालायचं, ते कसं बांधायचं, पाण्यात त्याचं तोंड वर कसं राहील, हे तांडेलाला आणि खलाशांना शिकवलेलं असलं पाहिजे. त्यांची तयारी आहे. शिकवणारा हवा.

जेट्टी कुणाच्या हद्दीत, बोटीचा परवाना कुणाचा, गाळ कुणी काढायचा, हे प्रत्येक काठाला बदलतं, याची मला कल्पना आहे. म्हणूनच कुणी एकाने हे काम आपलं म्हणून हाती घ्यावं आणि बाकीच्यांना बरोबर घ्यावं, अशी विनंती आहे. राज्याच्या किनाऱ्यावरच्या प्रवासी जलवाहतुकीचं काम आपल्याकडे आहे, म्हणून ती आपल्याला. नेमकं मागणं असं :

एक, गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला होत असलेल्या नव्या जेट्टीवर घारापुरीच्या बोटींसाठी कोणत्याही भरतीला व्हीलचेअर चढेल अशी जागा असावी. काम पूर्ण झाल्यावर भर घालण्यापेक्षा आत्ताच ती आराखड्यात घालणं स्वस्त पडेल.

दोन, घारापुरीच्या बाजूला पर्यटकांच्या मुख्य जेट्टीइतकाच विचार गावांच्या धक्क्यांचा व्हावा. पर्यटक संध्याकाळी परत जातो. आम्ही रात्रीही इथेच असतो आणि ताप बहुतेक रात्रीच चढतो.

तीन, प्रत्येक प्रवासी बोटीत दोन्ही बाजूंना कठडा असलेली रुंद फळी, खुर्ची ठेवायला मोकळी जागा आणि ती बांधायची सोय असावी. परवान्याच्या नूतनीकरणाशी ही अट जोडता येईल. बोटमालकांना त्यासाठी मदत द्यावी, कारण तीही आमचीच माणसं आहेत.

चार, तरंगता धक्का होईपर्यंत भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून दर महिन्याला ‘या तारखांना या वेळांत बोट धक्क्याच्या बरोबरीला असेल’ असं पत्रक मराठीत काढावं आणि ते जेट्टीवर लावावं. याला बांधकाम लागत नाही आणि निविदाही लागत नाही. दवाखान्यात तारीख मागताना तेवढा कागद दाखवता आला, तरी पुष्कळ ओझं उतरेल.

पाच, रात्री-बेरात्री रुग्णाला न्यायला स्ट्रेचर सपाट आत जाईल अशी रुग्णबोट बेटासाठी ठरवून ठेवावी, पावसाळ्यातसुद्धा.

सहा, आराखडा कागदावर उतरण्याआधी तो वापरणाऱ्यांशी बोलावं. माझे पती जाळ्याचा एक-एक डोळा हाताने मोजून सांधतात. त्यांना बोटीची कड, लाटेची उंची आणि खुर्चीच्या चाकाची रुंदी तोंडपाठ आहे. सल्लागाराला जे मोजून काढावं लागेल, ते त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत आहे.

बेटावर राहायला जाणाऱ्या अपंग माणसाला लोक शूर म्हणतात किंवा अविचारी म्हणतात. आम्ही दोन्ही नाही. माणसाने आपल्या गावी, आपल्या माणसांत राहावं, काम करावं आणि गरज पडेल तेव्हा बाहेर जाऊन परत यावं, एवढीच साधी इच्छा आहे. त्यातलं राहणं आणि काम करणं आम्ही आमच्या बळावर केलं. बाहेर जाऊन परत यायला सरकारी धक्का लागतो, तो कुणाच्या घरी बांधता येत नाही.

आपल्या अधिकाऱ्यांनी पाहणीला यावं आणि ती पाहणी उधाणाच्या ओहोटीला करावी. भरतीला आलात तर अर्धंच दिसेल. त्यानंतर आराखड्याची बैठक मुंबईत ठेवलीत तर आम्ही दोघं नक्की येऊ. तारीख तेवढी तिथी पाहून द्या.

आपली विश्वासू,
घारापुरी बेटावरची एक रहिवासी
(तालुका उरण, जिल्हा रायगड)