परळच्या चुलीचा हिशेब

संशोधन हा शब्द उच्चारला, कीं आपल्या डोळ्यांपुढें जुन्या पोथ्या, ताम्रपट, नाहीं तर प्रयोगशाळेंतील कांचेच्या नळ्या उभ्या राहतात. एखादा विद्वान् गृहस्थ परक्याच्या खोलीच्या उंबऱ्याशीं बसून "बाई, महिन्याला तांदूळ किती लागतात?" असें विचारीत आहे, आणि तेंहि संशोधनच आहे, ही कल्पना आपल्या घरांतून अद्याप रुळलेली दिसत नाहीं. परंतु ज्या कुटुंबांत कोणी केंद्र सरकारच्या नोकरींत आहे, किंवा तेथून पेन्शन घेत आहे, त्या कुटुंबाच्या मिळकतीचा एक भाग असल्याच संशोधनावर ठरत असतो. आपल्या देशांत ह्या कामाचा पाया ज्या थोड्या ठिकाणीं घातला गेला, त्यांत मुंबईच्या गिरणगांवांतील चाळी प्रमुख आहेत. ह्या महिन्यांत तिकडेच वळावयाचें आहे.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां मुंबईंत धान्य व कापड ह्यांचे भाव भडकलेले होते. १९१९ च्या व १९२० च्या आरंभीं गिरण्यांत मोठे संप झाले. मालक म्हणत, मजुरी वाढविली आहे. कामकरी म्हणत, ती पुरत नाहीं. दोघांचें म्हणणें पडताळून पाहावयास भरंवशाचा आंकडा मात्र कोणाजवळच नव्हता. म्हणून मुंबई सरकारनें १९२१ सालीं लेबर ऑफिस हें खातें उघडलें. त्याच वर्षापासून 'लेबर गॅझेट' हें मासिक निघूं लागलें, आणि खात्याचे प्रमुख फिंडले शिराज ह्यांनीं कामकऱ्यांच्या घरखर्चाची पाहणी हातीं घेतली. १९२१-२२ ह्या वर्षांत २,४७३ कुटुंबांचे व एकट्या राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे जमाखर्च गोळा झाले. अहवाल १९२३ सालीं छापला गेला.

सरासरीनें एका कुटुंबाची महिन्याची मिळकत सुमारें ५२ रुपये निघाली. शंभर रुपये खर्च होत असले, तर त्यांतले जवळजवळ ५७ खाण्याकडे जात, कपड्यालत्त्याकडे सुमारें साडेनऊ, आणि खोलीच्या भाड्याकडे आठांहूनहि कमी. भाडें इतकें थोडें म्हणून कोणास हेवा वाटावयास नको. शंभरांतलीं ९७ कुटुंबें एकेका खोलींत राहत होतीं. शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत होतीं. कर्ज सरासरीनें अडीच महिन्यांच्या कमाईइतकें, आणि व्याज बहुधा रुपयास दरमहा एक आणा. एक आणा ऐकावयास लहान वाटतो. गृहिणींनीं तो वर्षाचा मांडून पाहावा. शेंकडा ७५ होतो!

ह्या सर्व आंकड्यांपेक्षां अहवालांतील एकच निष्कर्ष लोकांच्या अधिक लक्षांत राहिला. दुष्काळी कामावरील मजुरास जास्तींत जास्त जेवढें धान्य द्यावें असें दुष्काळाच्या नियमांत सांगितलें आहे, तेवढें गिरणीकामगार खातो. परंतु मुंबई प्रांताच्या तुरुंगाच्या नियमांत कैद्यास जेवढें अन्न नेमून दिलें आहे, तेवढें त्यास मिळत नाहीं, असा तो निष्कर्ष होता. म्हणजे चोरी करून आंत गेलेल्याचें ताट दहा तास यंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्याच्या ताटापेक्षां भरलेलें! हें कोणा चळवळ्याच्या भाषणांतलें वाक्य नव्हे. सरकारनेंच आपल्या छापील अहवालांत काढलेलें अनुमान आहे, आणि म्हणूनच तें खोडून काढणें कठीण गेलें.

असें ज्ञान मिळवावयाचें तर दारांत जावें लागतें, आणि दारांत गेल्यावर खरें ऐकावयास मिळेलच असें नाहीं. पुरुषाचा पगार गिरणीच्या वहींत सांपडतो. मीठमिरची, सरपण, रॉकेल ह्यांवर काय गेलें, तें त्याच्या बायकोसच ठाऊक. वाण्याच्या उधारीचा आंकडा तीहि सगळ्यांत शेवटीं सांगणार, आणि दारूचा तर कोणीच नीट सांगत नाहीं. आपल्याकडे जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या किती सुनांनीं तरी ती परक्या माणसाच्या हातीं दिली असती? लेबर ऑफिसनें ही अडचण ओळखली व स्त्री-तपासनीस नेमल्या, ही गोष्ट आमच्या मतें त्या खात्याच्या साऱ्या कोष्टकांइतकीच महत्त्वाची आहे.

बायकांनीं बायकांना विचारल्यावर काय बाहेर येतें, ह्याचें उदाहरण त्याच सुमारास मिळालें. डॉ. बार्न्स ह्या बाईंना मुंबई सरकारनें गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करावयास नेमिलें होतें. त्यांची हकीकत १९२२ सालीं 'लेबर गॅझेट'मध्यें आली. गिरणींत जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचें त्यांस आढळलें. आपल्या घरांत बाळगुटी उगाळतात. परळांत बाळगोळी मिळे, आणि तींत अफू असे. आई दिवसभर खात्यांत, मूल शेजारच्या म्हातारीपाशीं किंवा सहासात वर्षांच्या बहिणीपाशीं. तें रडूं नये म्हणून गोळी. ह्यांत आईचें अज्ञान पाहणारे पुष्कळ निघाले. दहा तासांची पाळी पाहणारे थोडे.

त्या थोड्यांत ना. म. जोशी होते. १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापून त्यांनीं कामकरी वस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं होतीं, तेव्हां ही माणसें त्यांस आंकड्यांवांचूनहि ठाऊक होतीं. १९२४ सालीं त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें बिल मांडलें, तें फेटाळलें गेलें. पुढें मुंबईच्या कौन्सिलांत आसवले ह्यांनीं तसेंच बिल आणलें. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं त्याच सभागृहांत त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ सालीं देशांतील असला पहिला कायदा मुंबईंत झाला. शहरांतील कामगार स्त्रीस बाळंतपणाच्या आधीं तीन व नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. कायद्याची दुसरी बाजूहि सांगावयास हवी. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली. रात्रपाळीची बंदी, नवीं यंत्रें, आणि भत्ता द्यावयास नको म्हणून बाईच नको असें म्हणणारे मालक, ह्यांपैकीं कोणाचा वांटा किती, ह्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

घरखर्चाच्या पाहणीचें दुसरें फळ म्हणजे राहणीच्या खर्चाचा निर्देशांक. ठरलेल्या वर्षीं बाजारहाटाची जी यादी शंभर रुपयांत येत असे, तीच आज किती रुपयांत येते, एवढेंच तो सांगतो. तेव्हां यादी कोणाची, हा खरा प्रश्न. मुंबईच्या पहिल्या निर्देशांकांतील यादी परळच्या चुलीवरून घेतलेली नसून सर्व हिंदुस्थानांतील मालाच्या खपावरून बसविलेली होती! १९३२-३३ मध्यें पुन्हां घरोघर पाहणी झाली व तिच्यावरून १९३३-३४ हें आधारवर्ष धरून नवी मालिका सुरू झाली. गिरण्यांतील महागाईभत्ता पुढें ह्याच आंकड्याशीं बांधला गेला.

मग यादी शिळी झाली. दुसरें महायुद्ध झालें, रेशनिंग आलें आणि गेलें, स्वराज्य आलें. तरी १९३२-३३ च्या संसाराचें माप १९६३ च्या संसारास लावलें जात होतें. दुकानांत भाव चढतात आणि निर्देशांक जागचा हलत नाहीं, अशी तक्रार घेऊन १९६३ सालीं कामगारसंघटना उठल्या. महाराष्ट्र सरकारनें मुंबई विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. मुंबई शहरांतील काम, मजुरी व राहणी ह्यांची त्यांची मोठी पाहणी विद्यापीठानें त्याच वर्षीं प्रसिद्ध केली होती. समितीच्या तपासणींत कामगारांची तक्रार खरी ठरली. आंकडा खरोखरच मागें पडला होता. तो वर उचलावा लागला आणि त्याबरोबर भत्ताहि. पुढें १९६० हें आधारवर्ष धरणारी मालिका आली, तेव्हां जुन्या करारांसाठीं तिचा आंकडा ४.४४ नें गुणावा असें ठरलें. ह्या गुणकांतील दशांशचिन्हापुढच्या दोन चौकड्यांवर गिरणगांवांतील पगाराचीं पाकिटें कमीजास्त होत होतीं.

१९८२-८३ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. निर्देशांक मात्र चालू आहे. केंद्र सरकारचें लेबर ब्युरो तो काढतें. २०१६ हें आधारवर्ष धरणारी मालिका २०२० सालीं सुरू झाली, आणि तिच्या ८८ केंद्रांत मुंबई आहे. सर्व देशाच्या यादींत खाण्याचा वांटा शेंकडा ३९ वर आला आहे. आधीच्या, २००१ च्या मालिकेंत तो ४६ होता. बेरजा आतां संगणक करतो. भाव विचारावयास मात्र अजून दुकानांतच जावें लागतें. केंद्र सरकारच्या नोकरांचा व पेन्शनरांचा महागाईभत्ता ह्याच आंकड्यावर ठरतो, म्हणून दादरच्या एखाद्या घरांत आजोबांचें पेन्शन वाढलें, तर त्याचें मूळ कोठल्या तरी कामगाराच्या तूरडाळींत शोधावें लागेल.

कामगार कोण, हें मात्र ठरलेलें आहे. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटारवाहतूक, वीज आणि बंदरें, ह्या सात ठिकाणीं काम करणाऱ्यांचींच घरें ह्या यादीसाठीं पाहिलीं जातात. त्याच दादरच्या घरीं सकाळीं भांडीं घासावयास येणारी बाई परळ-लालबागचीच असेल. तिची सासू कदाचित् गिरणींतहि होती. तिच्या घरचे तांदूळ, तिचें भाडें, तिची उधारी ह्या यादींत येत नाहींत, आणि भत्ता वाढल्याची बातमी आली तरी तिच्या पगारांत आपण होऊन कांहीं पडत नाहीं.