हरवलेली कारची चावी जागेवर बनते, पण ती बनवायचा हक्क कोणाला?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असं रील तुमच्याही समोर आलं असेल. रस्त्याकडेला उभी कार, मालकाच्या चाव्या हरवलेल्या आणि बॅग घेऊन आलेला चावीवाला. तो आधी दार उघडतो, मग स्टिअरिंगखाली एक केबल जोडतो, टॅबवर चार-पाच वेळा टॅप करतो आणि थोड्या वेळात नवी चावी तयार, गाडी सुरू. खाली कमेंट्स साधारण दोन प्रकारच्या असतात. एक, 'भाऊ, नंबर पाठवा.' दुसरी, 'मग चोरही असंच करत असतील ना?'

दोन्ही कमेंट्स बरोबर आहेत आणि सगळा पेच तिथेच आहे. जे मशीन अडकलेल्या मालकाला सोडवतं, तेच मशीन चोराच्या हातात गेलं तर त्याचीही चावी बनवतं. मशीनला माणूस ओळखता येत नाही. म्हणून जगभर सध्या वाद सुरू आहे तो हाच, की हे मशीन वापरायची परवानगी कोणाला द्यायची आणि समोरचा माणूस गाडीचा मालकच आहे हे कोणी तपासायचं.

चावीत नक्की असतं काय?

आजच्या बहुतेक कारच्या चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते.

पहिली, धातूचं पातं. ते दार उघडतं आणि जुन्या पद्धतीच्या गाडीत इग्निशन फिरवतं. दुसरी, रिमोटची बटणं. त्यांना सेल लागतो आणि त्यांचं काम फक्त लॉक-अनलॉकचं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, एक छोटी ट्रान्सपॉन्डर चिप. हिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या किंवा स्टार्ट बटणाजवळच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. गाडी चिपला एक आकडा पाठवते, चिप आपल्याकडच्या गुप्त कोडने हिशोब करून उत्तर देते आणि उत्तर जुळलं तरच इंजिन सुरू होतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांवर आय-कॅट्स नावाचं स्टिकर पाहिलं असेल, ते याच व्यवस्थेचं.

म्हणूनच नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही. आणि म्हणूनच पुश स्टार्टच्या गाडीत स्मार्ट कीचा सेल संपला, तरी ती चावी स्टार्ट बटणाला टेकवली की बऱ्याच गाड्या सुरू होतात. कोणत्या जागी टेकवायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

चिप किती कामाची, हे अमेरिकेत दिसलं

युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या कारसाठी इमोबिलायझर सक्तीचा केला. कॅनडाने २००७ मध्ये केला. अमेरिकेत मात्र तशी सक्ती नव्हती. त्यामुळे किया आणि ह्युंदाईने तिथे विकलेल्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या अनेक मॉडेल्समध्ये तो बसवलाच नव्हता. २०२२ मध्ये टिकटॉकवर व्हिडिओ फिरू लागले. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढायचं, यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवायचं, झालं. शाळकरी पोरांनीही गाड्या पळवल्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं, की या प्रकाराशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदवले गेले आहेत. कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं.

थोडक्यात, तुमच्या गाडीचं खरं कुलूप म्हणजे ती चिप आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असलेली 'ओळखीच्या चाव्यांची यादी'. चावी हरवणं म्हणजे धातूचा तुकडा हरवणं एवढंच नाही. त्या यादीतलं एक नाव आता कोणाच्या हातात आहे, हे तुम्हाला माहीत नाही.

जागेवर चावी बनते कशी?

चावीवाला प्रत्यक्षात दोन कामं करतो. आधी पातं. दाराच्या लॉकमध्ये एक बारीक हत्यार घालून तो आतले खाचखळगे वाचतो किंवा नवीन गाडीसोबत आलेल्या टॅगवरच्या चावी क्रमांकावरून कापतो. मग स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला मशीन जोडतो. गाडीचा सुरक्षा कोड मिळवतो, नव्या चिपचं नाव यादीत टाकतो आणि रिमोट जोडतो. काही गाड्यांत हे सॉकेटमधून होतं, काहींत कॉम्प्युटरचं युनिट काढून त्यातली मेमरी वाचावी लागते.

एक पायरी मात्र बऱ्याचदा राहून जाते, ती म्हणजे हरवलेल्या चावीचं नाव यादीतून काढणं. एक चावी शिल्लक असेल तर नुसती दुसरी जोडली जाते आणि जुनी तशीच चालू राहते. ती ज्याला सापडली असेल, त्याच्यासाठी गाडी अजूनही उघडी आहे. आणि नाव काढलं तरी इंजिन बंद होईल, पण जुन्या पात्याने दार उघडतच राहील. चावी घराच्या पत्त्यासकट हरवली असेल तर लॉक बदलायचा विचार करावा लागतो.

बंदी घालून प्रश्न सुटतो का?

हेच काम चोर करतात, हे आता लपून राहिलेलं नाही. दिल्ली पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलेल्या वाहनचोर टोळ्यांकडे चावी प्रोग्रॅम करायची मशीनं आणि कोऱ्या चाव्या सापडल्या आहेत. ही मशीनं ऑनलाइन सहज मिळतात.

दोन देशांनी थेट उपकरणांवर बोट ठेवलं. कॅनडाच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्लिपर झिरो नावाच्या छोट्या उपकरणावर बंदी आणू असं जाहीर केलं. तज्ज्ञांनी लगेच विचारलं, की या खेळण्याने आजकालची गाडी पळवता तरी येते का? पुढच्याच महिन्यात सरकारने भूमिका सौम्य केली. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत जे विधेयक मांडलं, ते जास्त विचारपूर्वक होतं. गाडी चोरायला वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बाळगणं किंवा विकणं हाच गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पण कायदेशीर कामासाठी बाळगली आहेत हे दाखवता आलं तर गुन्हा नाही. म्हणजे तिथेही प्रश्न फिरून तोच येतो: खरा चावीवाला कोण, हे ठरवायचं कसं?

अमेरिका आणि युरोपने याचं उत्तर नोंदणीत शोधलं आहे. अमेरिकेत नास्टफ ही संस्था चावीवाल्यांची पार्श्वभूमी तपासून त्यांना ओळख क्रमांक देते. कंपनीकडून गाडीचा सुरक्षा कोड अधिकृतपणे हवा असेल, तर चावीवाल्याने ग्राहकाचं ओळखपत्र आणि मालकीचा कागद बघून, सही घेऊन फॉर्म भरायचा असतो. युरोपीय संघात सर्मी नावाची व्यवस्था आली आहे. तिच्यात स्वतंत्र गॅरेज आणि तिथला कामगार, दोघांनाही प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चोरबाजारातली मशीनं यामुळे संपत नाहीत. पण खरा कारागीर आणि चोर यांच्यात एक रेघ ओढली जाते आणि प्रत्येक चावीमागे एक नोंद राहते.

आपल्याकडे अर्धंच काम झालंय

भारतात चर्चा झाली ती दुसऱ्या बाजूची, म्हणजे मक्तेदारीची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं.

ही बाजू महत्त्वाचीच आहे. चावी फक्त शोरूमनेच बनवायची ठरवलं, तर पुण्यातल्या माणसाला गैरसोय होईल, पण गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या आतल्या गावात अडकलेल्या माणसाला गाडी टो करून लांबच्या शहरात न्यावी लागेल आणि चावी येईपर्यंत थांबावं लागेल. जागेवर येणारा चावीवाला ही चैन नाही, गरज आहे.

पण दुसरी बाजू मोकळीच राहिली. आपल्याकडे चावीवाल्यांसाठी देशपातळीवरचा परवाना नाही आणि चावी बनवताना कोणती कागदपत्रं बघायची, याचा एकसारखा नियम नाही. चांगला कारागीर स्वतःहून आरसी मागतो, कारण उद्या पोलीस त्याच्याच दारात येतील हे त्याला ठाऊक असतं. दुसरा काहीच विचारत नाही. आणि गंमत अशी, की कागद मागणाऱ्यावर आपणच चिडतो: 'माझीच गाडी आहे, कागद कशाला?'

यावर उपाय अवघड नाही, कारण लागणारी साधनं आपल्या खिशात आहेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी कायद्याने चालते. आरसी गाडीतच अडकली असली तरी फोनवर दाखवता येते. मालकाच्या फोनवर ओटीपी, चावीवाल्याचा नोंदणी क्रमांक आणि 'या गाडीची चावी अमुक तारखेला बनली' अशी एक ओळीची नोंद, एवढं वाहन डेटाबेसला जोडलं तरी फरक पडेल. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचा धंदा बंद करायची गरज नाही, उलट त्याला ओळख मिळेल. फक्त त्या नोंदणीची फी आणि परीक्षा मोठ्या कंपन्यांच्या सोयीची होता कामा नये. नाहीतर वर्षानुवर्षं हे काम करणारी घरं बाहेर फेकली जातील आणि काम लपूनछपून चालू राहील.

फोनच चावी झाला तर?

हा वाद फोनमुळे मिटेल असं काहींना वाटतं. आपल्याकडे ह्युंदाईने २०२४ च्या अल्काझारमध्ये एनएफसीवर चालणारी डिजिटल की दिली, नंतर क्रेटा इलेक्ट्रिकमध्येही ती आली. इथे फायदा खरा आहे. फोन हरवला तर डिजिटल चावी लांबूनच रद्द करता येते. आणि यूडब्ल्यूबी तंत्र असलेल्या गाड्यांत सिग्नलला लागलेल्या वेळेवरून फोन किती अंतरावर आहे हे मोजलं जातं, त्यामुळे घरातल्या चावीचा सिग्नल लांबवून गाडी उघडायची युक्ती अवघड होते.

पण हक्काचा प्रश्न जागा बदलतो, संपत नाही. आता यादी कंपनीच्या अकाउंटमध्ये असते. सेकंडहँड गाडी घेतली आणि जुन्या मालकाचं अकाउंट तसंच जोडलेलं राहिलं, तर त्याच्या फोनवर तुमची गाडी उघडू शकते. त्यामुळे असा व्यवहार करताना चाव्या मोजून घ्याच, पण जुनं अकाउंट तुमच्यासमोर काढायलाही सांगा.

चावी हरवली तर काय करायचं?

- आधी नोंद. चावी हरवल्याची पोलिसांकडे नोंद करा. मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये ती ऑनलाइन होते. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी साधारणपणे सगळ्या मूळ चाव्या मागते. एक कमी पडली तर क्लेम अडकू शकतो. तेव्हा ही नोंद आणि नव्या चावीची पावती हाच तुमचा पुरावा.
- विमा बघा. चावी बदलायचा खर्च साध्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन असतं. तुमच्याकडे ते आहे का, हे चावीवाल्याला बोलवायच्या आधी तपासा.
- दर फोनवरच ठरवा. मॉडेल, वर्ष आणि पुश स्टार्ट आहे की नाही ते सांगा. चिप, रिमोट आणि येण्याचा खर्च धरून एकूण किती, ते मेसेजवर लिहून घ्या.
- आरसी न मागणारा चावीवाला टाळा. मागितली नाही तरी स्वतःहून दाखवा, आणि नाव, नंबर, तारीख असलेली पावती घ्या.
- 'जुनी चावी डिलीट करा' असं स्पष्ट सांगा. काम झाल्यावर मशीनच्या स्क्रीनवर किती चाव्या नोंदल्या आहेत ते बघा. हातात दोन असतील तर आकडाही दोनच हवा.
- सगळं तिथेच तपासा. इंजिन, चारही दारं, डिकी, रिमोट, सगळं दोन-दोन वेळा चालवून बघा आणि मगच यूपीआय करा.

आणि चावी हरवायच्या आधीची दोन कामं. नवीन गाडीसोबत आलेला चावी क्रमांकाचा टॅग घरी कागदपत्रांत ठेवा, गाडीत नाही. पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरीचा फोटो टाकताना खऱ्या चावीचं पातं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. नुसत्या फोटोवरून पात्याच्या खाचा काढता येतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं आहे. फोटोसाठी शोरूमवाले देतात ती पुठ्ठ्याची मोठी चावी पुरेशी आहे.