मरणारा माणूस ही सरावाची पाटी नव्हे

परिचारिका-विद्यालयांतून हल्ली मरणाची तालीम घेतात, हे ऐकून आमच्या माणगावातील सुशिक्षित मंडळी नाके मुरडतात. खाटेवर रबरी पुतळा निजवायचा, एकीने रोग्याची मुलगी व्हायचे आणि दुसरीने तिला बापाची वेळ जवळ आल्याचे सांगायचे! ‘‘सेवा रक्तात असावी लागते, तिची कसली नाटके करता?’’ असा या मंडळींचा सवाल. सणासुदीला असला विषय काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये.

मी वीस वर्षे मुले शिकवीत आलो. शुद्धलेखन चुकले तर पाटी पुसता येते. पण ‘‘काही होत नाही हो, उद्या उठून बसाल,’’ असे एकोणीस वर्षांची पोर घाबरून बोलून गेली, की खाटेवरचा म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवतो. शेतीबद्दल, लेकीबद्दल जे सांगायचे ते पोटातच राहते. हे कोणत्या बोळ्याने पुसणार?

१९६० साली नॉर्वेतील लेर्डाल या खेळणीवाल्याने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली केली. तिला कोणी नाटक म्हटले नाही. जगवण्याची तालीम चालते. निरोपाची तेवढी का चालू नये?

‘‘के. ई. एम.च्या परिचारिकांनी अरुणा शानबागला १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळले, ते काय पुतळ्यावर शिकून?’’ असेही विचारतात. त्या मायबहिणींपुढे मी हात जोडतो. पण त्यांना बेचाळीस वर्षे मिळाली. मुंबईहून ‘आता घरी न्या’ म्हणून परत पाठवलेल्या आमच्याकडच्या माणसाला कधीकधी दोनच रात्री मिळतात. तिथे पहिलाच शब्द नेमका यावा लागतो.

अर्थात पुतळा रडत नाही, चिडत नाही, ‘‘माझ्या बापाला का सोडलेत?’’ म्हणून अंगावर येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात अशा सरावाला जागा दिली आहे. पण महागडा पुतळा कुलपात ठेवून तपासणीच्या दिवशी झटकायचा असेल, तर तो न घेतलेला बरा. तालमीला जिवंत माणसे हवीत. नाटकवेड्या कोकणात त्यांची काय वाण? पुढे या मुलींना वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात न्यावे. अखेरच्या अवस्थेतील कर्करोग्यांसाठी १९८६ साली निघालेली ही संस्था. ओल्या कापसाने ओठ कसे भिजवावेत, काही न बोलता उशाशी कसे बसावे, हे तिथे प्रत्यक्ष दिसेल.

आणि नाके मुरडणाऱ्यांनी एकदा तालमीला यावे, रोग्याचा मुलगा होऊन. संवाद पाठ करण्याची गरज नाही. त्या खाटेपाशी उभे राहिले की पुरे.