पत्र्याचे ऐकून पेरू नका



मृगाच्या रात्री टिनावर पहिले टपोरे थेंब पडले की सारे घर निवते. दोन महिने तापलेल्या पत्र्याखाली तळमळणारी लेकरे त्या आवाजात झोपी जातात, म्हातारी हात जोडते, कारभारी मनातल्या मनात बियाण्याची पाकिटे मोजू लागतो. या सुखाला आम्ही नावे ठेवणार नाही. फुकट मिळणारी एवढीच तर चीज आपल्या वाट्याला येते.

पण याच आवाजाने आपल्याला कितीदा तरी फसवले आहे. फसणाऱ्यांत आम्हीही आहोत. कृषी पदवी घेऊन गावात काम करू लागलो, तेव्हाची गोष्ट. एका रात्री अर्धा तास पत्रा असा कडाडला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. सकाळी आम्हीच सांगितले, "डोबा कपाशी!" ओल चार बोटेसुद्धा गेली नव्हती. बी उगवले, मग उघाड पडली आणि तासेच्या तासे करपली. ज्यांनी दुबार पेरणीसाठी व्याजाने पैसे काढले, त्यांच्या ओसरीवर बसायची आम्हाला लाज वाटली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे आम्ही शिकलो होतो. त्या रात्री शिकलेले विसरलो आणि पत्र्याचे ऐकले.

पत्रा पावसाचा जोर सांगतो, माप सांगत नाही. मोठ्या थेंबांची सर दणदणते, पण तिचे बरेचसे पाणी उतारावरून नाल्याला लागते. रात्रभराची भुरभुर कानाला जाणवतही नाही, ती मात्र मातीत मुरते. जुन्या माळवदाच्या घरात पाऊस फारसा ऐकूच येत नसे. सकाळी रानात जाऊन, माती उकरून, ओलीला ओल भिडली की नाही ते पाहावे लागे. तो रिवाज आपण मोडता कामा नये.

त्याला एका डब्याची जोड द्या. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असलेला, सरळ बाजूंचा डबा घ्या. घर आणि झाडांपासून दूर, मोकळ्यावर, कलंडणार नाही असा बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, तारखेसह वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. आपल्या रानाला किती मिळाले, याचा हिशेब यातून कळतो.

या हिशेबाची गरज पेरणीपुरतीच नाही. अतिवृष्टीची भरपाई ठरते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस नोंदला गेला की नाही यावर. एका मंडळात अनेक गावे, आणि पाऊस तर बांधाच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. तुमचे रान खरडून गेले आणि मंडळाचे यंत्र कोरडे राहिले, तर "पत्रा रात्रभर वाजत होता" ही साक्ष कोण मानणार? तुमची वही सरकार लगेच मानेल असे नाही. पण वीस गावांच्या, रोजच्या रोज लिहिलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या तर साहेबाला त्यांवर उत्तर द्यावे लागेल. प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा, ही मागणीही मग पुराव्यासह करता येईल.

म्हणून या जिल्हा बैठकीत एकच ठराव करू या: रोहिणी संपायच्या आत प्रत्येक गावात एक डबा, एक वही आणि ती लिहिणारा एक माणूस.

रात्री पाऊस खुशाल ऐका, गाढ झोपा. पेरायचे की नाही, ते सकाळी मातीला आणि डब्याला विचारा.