शेतकरी आणि संभाव्यतेचे गणित

मृगाचा पहिला पाऊस पडला की 'आता पेरावे की थांबावे?' हा प्रश्न गावोगाव उभा राहतो. त्याचे निश्चित उत्तर कोणीही देऊ शकत नाही. परंतु तेवढ्यावरून सर्व भार दैवावर टाकणे योग्य नव्हे. अनिश्चित गोष्टींचे मोजमाप करणारे जे संभाव्यतेचे गणित, त्याची मूलतत्त्वे प्रत्येक कास्तकाराने शिकली पाहिजेत, असे आमचे मत आहे.

हे गणित आपणांस सर्वस्वी परके नाही. पीक रुपयात किती आणे आले, हे आपले वाडवडील सांगत. त्या आणेवारीचीच आज पैसेवारी झाली आहे. संभाव्यताही असाच हिस्सा सांगते. शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवाव्या. सत्तर उगवल्या तर उगवणीची शक्यता शंभरात सत्तर समजावी. प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती आवश्यक मानली आहे. अमुक एक बी उगवेल की नाही हे या आकड्यावरून कळत नाही. पुष्कळ बियांपैकी सुमारे किती उगवतील, एवढेच कळते.

आता एका ठिकाणी दोन बिया टोकल्या, तर दोन्ही न उगवण्याची शक्यता किती? शंभरात तीसचे पुन्हा शंभरात तीस, म्हणजे शंभरात नऊ. अर्थात् ९१ ठिकाणी निदान एक रोप दिसावे.

परंतु या हिशेबात एक अट आहे. एका बीचे अपयश दुसऱ्या बीवर अवलंबून नसावे. पावसाने ताण दिला की ही अट मोडते. कारण सर्व बियांवर आकाश एकच असते. तेव्हा जास्त बी टाकणे हा अवर्षणावरील उपाय नव्हे. त्यासाठी धोकाच विभागला पाहिजे. सोयाबीनमध्ये तूर घेण्याची रीत याच कारणाने शहाणपणाची आहे. दोन्ही पिकांचे दिवस वेगळे असल्याने एकच उघडीप दोहोंस सारखी बाधत नाही.

हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. आज ते मोसमी पावसाचा अंदाज शक्यतेच्या टक्क्यांसह देते. पण गावात पोहोचेपर्यंत टक्के गळतात आणि 'यंदा पाऊस चांगला' एवढेच उरते. कमी पावसाची शक्यता शंभरात तीस सांगितली असता पाऊस कमी पडला, तर अंदाज खोटा ठरत नाही. अशा दहा वर्षांत सुमारे तीन वर्षे तसे व्हावयाचेच. म्हणून वार्ता देणाऱ्यांनी आकडा गाळू नये आणि आपणही तो विचारल्यावाचून राहू नये. शिवाय तो अंदाज विस्तृत प्रदेशाचा व संपूर्ण हंगामाचा असतो. आपल्या शिवारात पाऊस कोणत्या आठवड्यात पडेल हे तो सांगत नाही.

आकडा एकच असला तरी निर्णय सर्वांचा एक नसतो. पेरणीनंतर ताण पडण्याची शक्यता शंभरात तीस असता, ज्याच्या घरी दुबार पेरणीपुरते बी आहे तो धोका पत्करू शकेल. ज्याचे सर्व भांडवल एकाच पेरणीत जाते, त्याने थांबावे. एकदा बुडाल्यावर पुढील सात वर्षांची सरासरी त्याच्या कामी येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, या कृषी खात्याच्या सल्ल्याचे मर्म हेच आहे: जमिनीत ओल मुरली की नुकसानीची शक्यता घटते.

तरी येत्या खरिपापूर्वी शंभर बिया मोजून उगवण पाहावी, अंदाजातील टक्के विचारावे आणि आपणांस किती तोटा सोसेल हे ठरवूनच तिफण शेतात न्यावी, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.