अंगण वाढले, कोठाराचे काय?

हंगामाच्या दिवसांत नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे क्रेटांनी भरलेल्या वाहनांची रीघ लागते. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या या उपबाजारात जुन्नर-आंबेगावबरोबरच शेजारच्या तालुक्यांचाही माल येतो आणि येथून तो परराज्यांत रवाना होतो. कुकडी प्रकल्पाचे पाणी आणि शेतकऱ्याची जिद्द यांच्या बळावर हा व्यापार उभा राहिला. व्यापार वाढला की पहिली मागणी होते ती जागेची. विस्तीर्ण आवार, निवारे, वजनकाटे, प्रशस्त रस्ता या साऱ्यांची निकड आहेच. परंतु आवार वाढले म्हणजे व्यापाराची क्षमता वाढली, हा समज २०२३ या वर्षाने पुरता खोटा ठरवला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात भाव नाही म्हणून महाराष्ट्रात टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला. जुलैत त्याच टोमॅटोच्या २० किलोंच्या क्रेटला नारायणगावात २ हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला आणि येथील शेतकरी देशभरच्या वृत्तपत्रांचा विषय झाला. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणण्याची घोषणा केंद्र सरकारला करावी लागली. कृषिप्रधान म्हणवणाऱ्या देशाला ही गोष्ट भूषणावह नव्हे. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले. या पाच महिन्यांत बाजाराच्या आवाराची लांबी-रुंदी तीच होती. बदलत होती ती आवक, आणि ती आवक सावरून धरण्याची कुवत ना शेतकऱ्यापाशी होती, ना बाजारापाशी.

यावर प्रक्रिया उद्योगाचा तोडगा नेहमी सुचवला जातो. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्यासाठी केंद्राने २०१८ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर केली, तीही याच विचाराने. तथापि, येथे एक मेख आहे. लांबच्या प्रवासात टिकावा म्हणून लावलेला जाड सालीचा टोमॅटो आणि गर आटवण्यासाठी लागणारा टोमॅटो एक नव्हेत. ताज्या फळात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक किलो घट्ट गर मिळवायला पाच-सहा किलो फळ आटवावे लागते आणि त्या इंधनाचा खर्च घनांश अधिक असलेल्या जातीच पेलू शकतात. शिवाय, बाजारात तेजी आली की कारखान्याकडे कोणी फिरकत नाही, मंदीत मात्र सारे त्याच्याच दाराशी उभे राहतात. उरलेसुरले गोळा करून कारखाना चालत नसतो. त्याच्यासाठी वेगळी लागवड हवी, आधी ठरलेला भाव हवा आणि हंगाम सरल्यावर तीच यंत्रे चालती ठेवणारे दुसरे फळही हवे.

आगाऊ ठरवण्याची रीत या गावाला शिकवावी लागणार नाही. विठाबाईंच्या या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी देऊन जातात. कोणत्या तिथीला कोणत्या गावी खेळ, हे गाडी हलण्यापूर्वीच पक्के असते. एका रात्री दोन गावे घेण्याचा मोह फडमालकाला परवडत नाही. टोमॅटो मात्र गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसतानाच शेतातून निघतो.

आणि आगाऊ ठरवायचे तर ते एकट्यादुकट्याने नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा उल्लेख आहे. वेळूकाम आणि कासारकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचाही आहे. व्यवसायबंधूंनी एकत्र येऊन भांडवल उभारावे, लोकांनी त्यांच्याकडे विश्वासाने धन ठेवावे, ही व्यवस्था सहकाराचा कायदा येण्यापूर्वी कैक शतके याच डोंगरांच्या कुशीत नांदत होती. २०२० पासून केंद्राने १० हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभारण्याची योजना राबवली. कंपनी नोंदवणे सोपे असते. भाव चढलेला असताना ठरल्या भावाने कंपनीलाच माल घालणे कठीण. त्या दिवशी सभासद फुटले, तर कर्ज काढून घेतलेली यंत्रे पुढे बाहेरच्या भांडवलदाराच्या हाती जातात आणि शेतकरी पुन्हा क्रेट घेऊन रांगेत उभा राहतो.

उन्हाळी लागवडीसाठी रोपवाटिकांकडे नोंदणी सुरू होते, तेव्हा शेतकरी जात निवडतो आणि किती एकर लावायचे तेही ठरवतो. बाजार समिती, कृषी विज्ञान केंद्र आणि उत्पादक कंपन्या यांनी त्याच्याशी बोलायचे ते त्याच आठवड्यांत. क्रेट भरल्यानंतर बोलण्याजोगे फारसे उरत नाही.