ओझे कुठे बांधाल?

सायकलवर तीन-चार दिवसांच्या सहलीला निघताना तुम्ही सामान कुठे ठेवता? बहुतेक मुले मोठी पिशवी पाठीवर अडकवतात. मला ही पद्धत चुकीची वाटते.

एकदा मीही असाच अलिबागहून मुरूडला निघालो होतो. तंबू, भांडी, तांदूळ, सारे पाठीवर! रेवदंड्यापर्यंत खांदे दुखू लागले. काशीदजवळच्या उतारावर पिशवी एका बाजूला सरकली, तोल गेला आणि मी पडलो. मागून एसटी येत होती. ती वेळेवर थांबली, म्हणून वाचलो.

तेव्हापासून सायकलवरचा दूधवाला माझा गुरू झाला. त्याचे कॅन नीट पाहा. ते कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली लटकलेले असतात. ओझे जमिनीजवळ असले, की तोल सांभाळणे सोपे जाते. तुम्हीही दोन थैल्या घ्या. जाड ताडपत्रीच्या थैल्या शिंपी शिवून देतो. दोन्हींचे वजन सारखे ठेवा. तांदूळ आणि भांडी तळाशी, कपडे वर. दोरीचे टोक मात्र लोंबू देऊ नका. ते चाकाच्या तारांत अडकते.

आणि सामान किती न्यावे? टॉमस स्टीव्हन्स १८८४ साली उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवासाला निघाला. त्याच्या सामानात मोजे, एक जादा सदरा आणि एक रेनकोट होता. त्या रेनकोटचाच तो तंबू करी!

निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली सायकल घेऊन गल्लीत एक फेरी मारा. ब्रेक दाबूनही ती लवकर थांबत नसेल, तर दोन भांडी घरीच ठेवा.